कुरणातला हजेरीपट

जूनमधली सकाळ. कोरमंगला, तिसरा ब्लॉक. शाळा दाखवणारी बाई तुम्हाला गच्चीवर नेते. खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत, कडेला लाकडी चौकटीत चाळून भरलेली माती, तिच्यावर स्टीलची भातुकली. ‘मड किचन,’ ती सांगते. फीचा आकडा तुम्ही फोनवर आधीच पाहिलाय. ऊन लागू नये म्हणून वर जाळी आहे. पाऊस आला तर? तर मुलं आत. तुमची साडेतीन वर्षांची लेक बोट सोडवून चौकटीशी उकिडवी बसलेली. तेवढ्यात बंगळुरूची ती भुरभुर सुरू होते आणि बाई लगबगीने सगळ्यांना आत घेते.

तुम्ही मात्र तिथेच उभे. पायाखालची चटई मऊ पडते, मग चिकट. शेणाचा वास येतो, ओल्या गोणपाटाचा येतो.

साल १९५८. कोसबाडची टेकडी, डहाणू तालुका, जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा व्हायला अजून छप्पन्न वर्षं आहेत. पाऊस आडवा मारतोय. तुमच्यापुढून सात-आठ वर्षांची एक वारली पोर चाललीय. हातात काठी, कडेवर धाकटा भाऊ, पुढे चार गुरं. तिच्या मागे निघा. ती शाळेत चाललीय, पण हे तिला कुणी तसं सांगितलेलं नाही.

टेकडीच्या उतारावर कुरण आहे. झाडाखाली एक ताई डोक्यावर इरलं घेऊन बसलीय. फळा नाही, घंटा नाही. पोरगी भावाला खाली सोडते, गुरं चरायला लावते आणि ताईपुढे खडे मांडते. एका गुराला एक खडा. ताई एक खडा हळूच मुठीत लपवते. ‘आता किती?’ पोरगी खड्यांकडे बघतच नाही, मान वळवून गुरं मोजते. चार. खडे तीन. ती ताईच्या मुठीकडे बोट दाखवते. वजाबाकी झाली.

धाकटा तोवर चिखलात बसून चिखल खातोय. ताई त्याचं तोंड पुसते, नखं बघते, डोळ्यांतली घाण काढते. इथे शिक्षणाची सुरुवात कंगव्याने आणि अंघोळीने झाली, हे पुस्तकांत एका ओळीत उरकतात. तुम्ही इथे उभे आहात म्हणून दिसतंय, एका पोराचे केस विंचरायला किती वेळ लागतो.

ही कुरणशाळा. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम करून आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, पण ते शिक्षण शहरातल्या खात्यापित्या घरांतच राहिलं. साधनं महाग होती. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य आणि मग शिक्षिकेची नोकरी, एवढं मागे टाकून. बालवाडी काढली तर मुलं येईनात, तेव्हा या बायका उठून त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. कोसबाडला आल्यावर कळलं की जरा मोठं पोर अंगणातही सापडत नाही, ते गुरांमागे असतं. मग शाळा गुरांमागे गेली. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पानं आली. निसर्गाच्या ओढीने त्या झाडाखाली बसल्या असं आज कुणी म्हणालं, तर ते खरं नाही. मूल जिथे होतं तिथे झाड होतं, एवढंच.

मधेच आरडाओरडा होतो. एक बैल भाताच्या खाचरात शिरलाय. सगळा वर्ग काठ्या घेऊन पळतो, गाणं अर्ध्यावर राहतं. ताई रागावत नाही. बैल सावकाराच्या शेतात गेला तर बोलणी कुणाला बसतील हे तिला ठाऊक आहे.

रानात कोळीची भाजी उगवते, तिचा सण होतो, मगच ती पोटात जाते. वनस्पतिशास्त्राचा हा तास पोरं ताईला शिकवतात. पुढे आवणी. त्या दिवसांत कुरणावर तुम्ही आणि ताई, दोघंच. पोरं चिखलात रोपं वाहून देताहेत. हजेरीपट पावसाच्या ताब्यात असतो. दिवाळीनंतर मोठी माणसं गवत कापायला जातात. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. पिकं निघाली की रात्री तारपा वाजतो आणि सकाळी कुरणावर पोरं बसल्या जागी पेंगतात. त्यांना झोपू देतात. ही गोष्ट मला त्या सगळ्या पद्धतीत सर्वांत शहाणी वाटते.

फाल्गुन-चैत्रात पहाटे या. मोहाखाली टपटप फुलं पडताहेत आणि तीच पोरगी टोपलीत वेचतेय. भाऊ आता चालतो. तो फुलं टोपलीत टाकतो आणि एक तोंडात. वैशाखात कुरण राखेच्या रंगाचं होतं. करवंदं आहेत, पाणी नाही. गुरं लांब न्यावी लागतात. ताई मागोमाग चालते, चपलेला भेग पडलेली. हेवा वाटत असेल तर इथे थोडा थांबा: पोरीच्या डोक्यावर हंडा आहे, आणि ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द कुणाच्या तोंडी नाहीत.

१९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारची बालविकास योजना सुरू होईल, तेव्हा देशभरच्या केंद्रांना नाव मिळेल अंगणवाडी. नावात अंगण राहील. कुरण मात्र कुणाच्या नावात जाणार नाही.

‘सर, आत येताय ना?’

गच्ची. जाळीवरून थेंब गळताहेत. लेक हट्टाने चौकटीजवळच बसलीय, मड किचनचा आता खरा चिखल झालाय आणि तिने स्टीलच्या कढया बाजूला सारून त्यात हात घातलेत. बाई टिश्यू घेऊन येते.

खाली रिक्षावाला एजीपुऱ्याकडे यायला तयार नाही. पाणी साचलंय म्हणतो. साचणारच. १९९७ च्या राष्ट्रीय खेळांसाठी तिथे खेळगाव उभं राहिलं, त्याआधी तळं होतं. ‘नडकोंडु होगि,’ चालत जा, असं सांगून तो वळतो.

लेक सँडल काढून तुमच्या हातात देते.