पावणेदोन हात काळी

जालन्याकडे शेताची विचारपूस करताना पहिला प्रश्न असतो, ‘जमीन कशी आहे?’ आणि ऐकणाऱ्याला हवं असलेलं उत्तर एकच असतं, ‘भारी आहे.’ भारी म्हणजे काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. सोयरिकीच्या बोलण्यात, भावकीच्या वाटणीत, खरेदी-विक्रीत हा शब्द वजन घेऊन येतो. पण त्यात जमिनीची फक्त खोली येते. तिच्यातून पाणी बाहेर कसं पडतं, हे त्यात येत नाही. हे दुसरं माप आपल्याकडे एकेकाळी होतं, सरकारी कागदावरसुद्धा होतं. ते मागे कसं पडलं, याबद्दल मला लिहायचं आहे. मी जुन्या जालन्यात राहतो. हा विषय माझ्या पायाखालचा आहे.

पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनी जगात ठिकठिकाणी आहेत, पण त्यांची कारणं वेगळी. स्कॉटलंड किंवा अमेरिकेचा ईशान्य भाग घ्या. तिथे हिमयुगात हिमनद्यांनी दगड, वाळू आणि चिकणमातीचा काला करून तो आपल्या वजनाखाली चेपून ठेवला. वरची माती भुसभुशीत, पण हात-दोन हात खाली गेलं की हा घट्ट थर लागतो. पावसाचं पाणी त्यावर अडतं, हवा न मिळाल्याने माती राखाडी पडते, तिच्यात तांबूस ठिपके उमटतात. तिथल्या शेतकऱ्याने या पाण्याला शत्रू मानलं. मूळचा स्कॉटलंडचा जॉन जॉन्स्टन याने १८३८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावाजवळच्या आपल्या शेतात भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरून पाणी बाहेर काढलं, आणि पुढे तिकडच्या शेतीत ती रीतच झाली.

महाराष्ट्रातही हिमनद्या होत्या, हे अनेकांना खरं वाटत नाही. चंद्रपूरजवळ इरईच्या परिसरात बर्फाने घासून गुळगुळीत केलेला, चरे पडलेला चुनखडक आणि त्यावर हिमनदीने टाकलेले गोटे आहेत. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या फेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत ते नोंदवले. ते बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचं. जालन्याच्या मातीचा मात्र बर्फाशी काही संबंध नाही. आपला खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि आपली काळी ही त्या खडकाची झीज. तिथे पाणी अडवणारा थर मातीच्या खाली असतो; इथे पाणी अडवते ती माती स्वतःच.

हे कसं घडतं ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकच शेत पाहिलं की कळतं. काळ्या मातीत निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, चिकणकण असतात, आणि ते पाणी प्यायले की फुगतात. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि जमीन तोंड बंद करते. पुरती भिजलेली खोल काळी तासाला एक मिलिमीटर पाणीसुद्धा खाली जाऊ देत नाही. त्यानंतरचा पाऊस शेतात साचतो नाहीतर वाहून जातो.

आपल्या पूर्वजांनी नळ्या पुरल्या नाहीत. त्यांनी वाट पाहिली. मराठवाड्यात खोल काळीचं शेत पावसाळाभर मोकळं ठेवायची पद्धत होती. पाऊस उघडला की वखरायचं, पुन्हा पाऊस, पुन्हा वखर. पेरणी व्हायची ती पाऊस ओसरल्यावर, रब्बी ज्वारीची, आणि ते पीक जवळजवळ सगळं साठलेल्या ओलीवर यायचं. या सगळ्या कारभाराचा कणा एका शब्दात आहे: वाफसा. माती ना चिखल ना ढेकूळ, औताला धड साथ देणारी, अशी ती मधली अवस्था. हलक्या रानात वाफसा लवकर येतो, भारीत आठ-आठ दिवस येत नाही. वाफसा कधी येईल हे ओळखणं म्हणजेच निचरा ओळखणं.

हेच वेळापत्रक लढायांचंही होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, कारण त्याआधी नद्या भरलेल्या आणि काळीचा चिखल. १८०३ साली आर्थर वेलस्लीने मुद्दाम पावसाळ्यातच मोहीम काढली. भरलेल्या नद्या मराठी घोडदळाला अडवतील आणि आपण नावांनी पार होऊ, हा त्याचा हिशेब होता. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला, आणि २३ सप्टेंबरला भोकरदनच्या बाजूला असईची लढाई झाली. हा शत्रू जमीन वाळायची वाट पाहणारा नव्हता.

जमिनीची ही जाण गावाच्या रचनेतही होती. जुन्या मराठी कागदांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी जोडी येते. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुना, पडलेल्या भिंती यांनी बनलेली पांढरी माती काळीसारखी फुगत-आकसत नाही. घर पांढरीत बांधायचं, त्याच मातीचं धाबं घालायचं, आणि काळीत फक्त पेरायचं. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला पूर्वीचं कादराबाद, म्हणजे नवा जालना. आमच्या गल्लीतली जुन्या पांढरीवरची घरं आजही ओळंब्यात उभी आहेत. गाव वाढत शेतांत गेलं, तिथल्या नव्या घरांच्या भिंतींना दर उन्हाळ्यात तिरक्या चिरा पडतात, पावसाळ्यात दारं अडकतात. यावर तंत्र नाही असं नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी बुडाशी फुगीर असे पायाचे खांब कधीच तयार करून दिले आहेत. पण छोट्या घराच्या खर्चात ते कोणी धरत नाही.

आता त्या सरकारी मापाकडे येतो. १८३० च्या दशकात इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्यात नवी जमीन-मोजणी सुरू केली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. त्यात जमिनीची प्रत आण्यांत ठरे. उत्तम पोताची काळी पावणेदोन हात खोल असली की पूर्ण सोळा आणे. त्याखाली ती कितीही खोल असो, आणे वाढत नसत. मात्र हिशेब तिथे थांबत नसे. प्रतवारी करणारा कारकून शेताच्या नकाशात खुणा करून दोष मांडी: चुनखडीचे खडे, वाळू, उतार, मातीला धर नसणं, वाहत्या पाण्याचा लोंढा, झऱ्यांची जादा ओल, आणि पाणी मुरू न देणारी माती. प्रत्येक दोषामागे शेत एक पायरी खाली उतरे. पुढे सालारजंगांच्या काळात निजामाच्या राज्यात मोजणी आली तीही याच धर्तीवर, आणि मराठवाड्याची जमीन त्या चौकटीत बसवली गेली.

ही व्यवस्था महसूल गोळा करण्यासाठी होती, शेतकऱ्याच्या कल्याणासाठी नव्हे. तरीही सात दोषांपैकी तीन पाण्याचे होते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पण लोकांच्या तोंडी राहिले ते सोळा आणे. खुणा दप्तरात राहिल्या.

याची किंमत आधी दुसऱ्यांनी मोजली. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून बारामतीकडे आलं, ऊस आला, आणि काही दशकांत चांगली काळी रानं चिबड होऊ लागली. खालून पाण्याची पातळी वर आली, पाण्याबरोबर क्षार वर आले, जमिनी चोपण झाल्या. हा प्रश्न एवढा गंभीर झाला की १९१६ साली मुंबई सरकारने सिंचन आणि निचरा यांच्या अभ्यासासाठी खास कक्ष काढला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली.

जायकवाडीची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली, म्हणजे या अनुभवानंतर जवळपास अर्ध्या शतकाने. डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरच्या काळीतून गेला. पाणी येण्याचा आनंद खराच होता. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला त्यात खोट काढवत नाही. पण पाणी आणायच्या चाऱ्या जेवढ्या आस्थेने झाल्या, तेवढ्या आस्थेने पाणी न्यायचे चर झाले नाहीत. जालना जिल्ह्यात काळीला फक्त तहान लागते, तिला पाण्याने गुदमरताही येतं, हे खोलगट रानं चिबडायला लागल्यावर पुन्हा शिकावं लागलं.

मोसंबीचंही तेच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते सार्थ आहे. पण ती मध्यम खोलीच्या, खाली मुरूम असलेल्या रानात रमते. माझ्या चुलत्यांनी ती सगळ्यात भारी म्हणून नावाजलेल्या तळच्या पट्टीत लावली. कलमं चांगली होती, खत-पाण्यात कसर नव्हती. चौथ्या पावसाळ्यात शेत आठ-दहा दिवस तुंबून राहिलं. आधी पानं पिवळी पडली, मग बुंध्यावर डिंक्या दिसला. पुढच्या दोन वर्षांत निम्मी बाग काढावी लागली. वरच्या बरड पट्टीत गंमत म्हणून लावलेली पंधरा-वीस झाडं अजून फळं देतात.

उपाय ठाऊक नाहीत अशातला भाग नाही. १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट संस्था आली आणि तिथे काळ्या मातीसाठी रुंद गादीवाफा व सरीची पद्धत घडवली गेली. दीड मीटरच्या पट्ट्यात उंच वाफ्यावर पीक आणि मधल्या सरीतून जादा पाण्याला वाट. आज मराठवाड्यात सोयाबीनसाठी बीबीएफ यंत्राने पेरणी करा असं सांगतात, ती हीच. पावसाळाभर रान मोकळं ठेवणं आजच्या खर्चात परवडत नाही, हे मान्य. मग पाण्याला बांधाबाहेर रस्ता द्यावा लागतो, आणि तो रस्ता शेजाऱ्याच्या शेतातून जातो. निचरा हा एकट्याच्या शेताचा विषय नाही, म्हणूनच तो कोणाच्या यादीत नसतो.

२०१५ पासून शेतकऱ्याला मृद आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा नोंदी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. उपयोगाची पत्रिका आहे. मात्र माती किती खोल आहे आणि तिच्यातून पाणी जातं की नाही, हे त्या बारांत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लगान वसूल करणाऱ्या परक्या कारकुनाने जे शेतात उतरून, खड्डा घेऊन पाहिलं, त्यासाठी तेरावी ओळ घालायला प्रयोगशाळा लागत नाही. जून-जुलैत पाऊस थांबल्यावर चौथ्या दिवशी शेतात उभं राहायचं, आणि वाफसा आला का ते लिहायचं.