खाका

अर्थसंकल्पाचा ‘खाका’ आपण वर्तमानपत्रात वाचतो, पण हा शब्द मूळचा कारागिरांचा. फारसी ‘खाक’ म्हणजे माती, धूळ, ‘खाकी’ त्यातलाच. ‘खाका’ ही कोळशाची पूड. कागदावर काढलेल्या नक्षीच्या रेषांवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर अंथरायचा आणि पुडीची पुरचुंडी वरून हलकेच आपटायची. कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांची वेल! एकच कागद कितीतरी कापडांना पुरतो, म्हणून आराखड्याला हे नाव मला फार नेमकं वाटतं. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चिटांची, म्हणजे नक्षीदार सुती कापडांची, ही रीत फ्रेंच मिशनरी केर्दू यांनी १७४२च्या पत्रात नोंदवली आहे. जरदोजीवाले आजही असाच कागद टोचतात. फक्त पूड रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने फिरवतात.