आधी घर बघू दे

आमच्या शेजारच्या काकांची ढाबळ गच्चीवर होती. फळांच्या खोक्यांच्या फळ्या, वर पत्रा, पुढे जाळी, आणि बांबूच्या टोकाला कबुतरांनी बसावं म्हणून बांधलेली छत्री. संध्याकाळी पाचच्या सुमारास काका पत्र्याच्या डब्यात मूठभर बाजरी घालून तो खुळखुळवायचे. आभाळात घिरट्या घालणारा थवा एकदम तिरका व्हायचा आणि पंखांचा फडफडाट करत छतावर उतरायचा. त्या डब्याचा आवाज मला आजही झोपेतून उठवील.

एकदा त्यांनी महिन्याभराचं पिल्लू माझ्या हातात दिलं. डोक्यावर अजून पिवळ्या लवेचे धागे होते, चोच रुंद आणि मऊ. घशातून बारीक चीं चीं चालली होती आणि काळजाची धडधड माझ्या तळव्याला लागत होती. ‘उडव की’ असं मी म्हणालो असणार, कारण काकांचं उत्तर मला लख्ख आठवतं : ‘आधी घर बघू दे. आभाळ कुठं पळून जातंय?’

कबुतर शिकवण्याची सारी विद्या या एका वाक्यात आहे, आणि ती फार जुनी आहे. कबुतराला रस्ता कुणी शिकवत नाही. त्याला घर शिकवायचं असतं, तेही पंखांत बळ येण्याच्या आत. पंचवीस-तीस दिवसांनी पिल्लू आईबापांपासून वेगळं करतात. स्वतःचा दाणा टिपू लागलं की त्याला जाळीच्या पिंजऱ्यात घालून ढाबळीच्या छपरावर ठेवतात. तिथून ते समोरचं पिंपळाचं झाड, पाण्याची टाकी, सूर्य कुठून वर येतो, वारा कुठून येतो हे सारं बसल्याजागी घेत राहतं. पाच-सहा आठवड्यांचं झालं की एका संध्याकाळी, पोट रिकामं असताना, जाळी उघडतात. छपरावरून छत्रीवर आणि छत्रीवरून पुन्हा छपरावर, एवढीच त्याची झेप. मग डबा वाजतो, आणि पिल्लू आत येतं.

हे मला नुसतं पाहून कळलं नाही, चुकीतून कळलं. काका गावाला गेले असताना मी एका पिल्लाची जाळी भर दुपारी उघडली. दोन महिन्यांचं झालं होतं, पोटभर खाल्लेलं, आणि एकदाही बाहेर न आलेलं. ते सरळ वर गेलं, एक मोठा फेर धरला आणि कापूर उडावा तसं दिसेनासं झालं. मी अंधार पडेपर्यंत डबा वाजवत होतो. काका आल्यावर रागावले नाहीत, रिकाम्या खणाची फळी फक्त पुसून ठेवली. त्या पिल्लाला पंख आधी मिळाले आणि घर मिळायचं राहून गेलं.

या विद्येचं मूळ माणसात नाही, कड्यात आहे. सगळ्या पाळीव कबुतरांचा पूर्वज म्हणजे कड्याकपारीत राहणारा पारवा. घरटं खडकाच्या खोबणीत आणि दाणा मैलोगणती लांबच्या शेतात. नर-मादी दोघंही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारं दूध पिल्लांना पाजतात, त्यामुळे दोघांनाही रोज लांब जाऊन नेमक्या त्याच खोबणीत परत यावं लागतं. वाट चुकणाऱ्याची पिल्लं मरतात. हजारो पिढ्या ही चाळण चालली, आणि मग माणसाने खोबणीच्या जागी ढाबळ ठेवली. आपल्या भाषेत दोन्ही कुळं नांदतात : संस्कृत पारावतावरून आलेला पारवा आणि फारसीतून आलेलं कबुतर. फारसी शब्दाच्या मुळाशी ‘कबूद’ म्हणजे निळसर करडा रंग आहे. पारव्याच्या मानेवर ऊन पडलेलं ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

बाराव्या शतकात सीरियाच्या नूरुद्दीनने कबुतरांची डाक बसवली, पुढच्या शतकात मामलूक सुलतान बैबर्सने कैरो-दमास्कसच्या वाटेवर ती पक्की केली. तिथे टप्प्याटप्प्यावर बुरूज होते. एका कबुतराची चिठ्ठी सोडवून दुसऱ्याच्या अंगावर बांधायची, कारण प्रत्येक कबुतराला एकच घर माहीत असतं.

आपल्याकडे कबुतरांचा नाद मोगलांबरोबर दरबारी झाला. बाबराचा बाप उमर शेख मिर्झा 1494 मध्ये मध्य आशियातल्या अख्सीच्या किल्ल्यात कड्यावरचा कबुतरखाना ढासळला तेव्हा त्याच्यासकट खाली जाऊन मेला. अकबराने या नादाला ‘इश्कबाजी’ म्हटलं. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त दरबारच्या वीस हजारांवर कबुतरांची नोंद केली आहे, त्यांतली पाचशे खास. तिथे मुख्य कौतुक कोलांट्या मारणाऱ्यांचं आहे, आपण ज्यांना गिरेबाज म्हणतो त्यांचं. पण कोणत्याही जातीचं कबुतर लांबून पत्र आणायला शिकवता येतं, असंही अबुल फजल जाता जाता सांगतो. अडीचशेहून अधिक वर्षांनंतर जनावरांच्या जाती कशा घडतात हे मांडताना डार्विनने अकबराच्या याच कबुतरांचा दाखला घेतला.

मला मात्र अकबरापेक्षा जहांगीर जवळचा वाटतो, कारण त्याने घड्याळ लावून नोंद ठेवली. 1617 साली तो मांडूला मुक्कामाला होता आणि शाहजादा खुर्रम दख्खनच्या मोहिमेवर बऱ्हाणपुरात. बगदादच्या खलिफांकडे पत्र नेणारी कबुतरं असत असं कानावर आल्यावर त्याने आपल्या कबूतरबाजांना तशी शिकवायला सांगितलं. सकाळी मांडूहून सोडलेली ही कबुतरं, पाऊस जोराचा असला तर अडीच किंवा दीड प्रहर दिवस वर येईतो बऱ्हाणपूरला पोचत. हवा स्वच्छ असली तर बहुतेक एका प्रहरात, आणि काही चार घटकांत.

आता हिशेब मांडू. मांडू ते बऱ्हाणपूर सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटर. घटका म्हणजे 24 मिनिटं, चार घटका म्हणजे 96. वेग निघतो ताशी 87 किलोमीटर. पाठीला वारा असेल तर आजचं शर्यतीचं कबुतर हा वेग सहज गाठतं. बादशहाची नोंद आहे म्हणून ती फुगवलेली असेल असं मला वाटायचं, हिशेब केल्यावर तो संशय गेला. पावसाने लागणारा उशीरसुद्धा खरा आहे. पिसं जड होतात, सूर्य दिसत नाही.

आणि या नोंदीत न लिहिलेलं एक काम दडलेलं आहे. कबुतरं मांडूहून बऱ्हाणपूरला जात, म्हणजे त्यांचं घर बऱ्हाणपुरात होतं. तापीकाठच्या कुठल्यातरी गच्चीवर कुणीतरी ती पिल्लं जाळीत बसवली असणार, दाण्यावर बोलावली असणार. मग करंडीत घालून असीरगडाच्या खिंडीतून, निमाडातून, नर्मदा ओलांडून मांडूपर्यंत माणसांनी पायी किंवा घोड्यावर नेली असणार. त्यांची नावं कुठेच नाहीत. चार घटकांच्या त्या उड्डाणामागे त्यांचे कित्येक महिने आहेत.

पिल्लांना दर वेळी थोडं लांब नेऊन सोडण्याची, टप्पे वाढवत नेण्याची पद्धत शिस्तीत बसवली ती बेल्जियमच्या लोकांनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लीएज आणि अँटवर्पच्या परिसरात वेगवेगळ्या जातींच्या संकरातून आजचं होमर कबुतर घडलं, आणि त्याच्या शर्यती कामगारवस्त्यांचा रविवार होऊन बसल्या. पिल्लाची तयारी आजही त्याच वळणाने चालते. ढाबळीभोवती उडता उडता थवा एक दिवस अर्धा-पाऊण तास दिसेनासा होतो आणि परत येतो. म्हणजे पिल्लं स्वतःहून मुलूख पाहू लागली. मग त्यांना एक रात्र वेताच्या करंडीत ढाबळीतच झोपवतात, करंडीची भीती जावी म्हणून. त्यानंतर दोन किलोमीटर, पाच, दहा, वीस, चाळीस. धुक्यात सोडायचं नाही. आधी सगळी मिळून आणि मग एकेकटी, कारण थव्यातलं पिल्लू शेजाऱ्याच्या मागे जातं, एकट्याला स्वतः ठरवावं लागतं. करंडी उघडल्यावर एकट्या पिल्लाचा पहिला फेर पाहताना अंगावर काटा येतो. दोन फेर, तिसरा थोडा लांबट, आणि मग ते रेघ मारल्यासारखं निघतं.

1850 मध्ये वृत्तसंस्थावाल्या रॉयटरने आखेन आणि ब्रुसेल्स यांच्यामधली तारेची तूट कबुतरांनी भरून काढली. 1870च्या प्रशियन वेढ्यात पॅरिसच्या लोकांनी आपली कबुतरं बलूनमधून बाहेर धाडली आणि पत्रं घेऊन ती परत आली. यावर पुस्तकं भरपूर आहेत.

ओडिशाची गोष्ट आपल्याकडेही फारशी ठाऊक नाही, म्हणून ती सांगायलाच हवी. 1946 मध्ये लष्कराकडची दोनशे कबुतरं तिथल्या पोलिसांना मिळाली. पहिला प्रयोग कोरापुटच्या डोंगरी मुलुखात झाला, पुढे मुख्य ठाणं कटकला आलं. जात बेल्जियन होमर. 1948 मध्ये नेहरूंनी संबलपूरहून कटकला निरोप धाडला तो याच पक्ष्यांबरोबर. 1982च्या पुरात बांकीचा संपर्क तुटला तेव्हा आणि 1999च्या चक्रीवादळात बिनतारी यंत्रणा बंद पडली तेव्हाही पायाच्या नळीत चिठ्ठी घेऊन कबुतरं उडाली. हे खातं 2008 पर्यंत चाललं. जाऊन परत येणारी कबुतरंही त्यांनी तयार केली होती, आणि त्यामागची युक्ती अगदी घरगुती : राहायचं एका ठाण्यावर आणि दाणा दुसऱ्या ठाण्यावर. मुळात कड्यावरच्या पारव्याचा दिवस असाच तर होता. पोलिसांनी फक्त शेताच्या जागी दुसरं ठाणं ठेवलं.

पिल्लू जाळीत बसून नेमकं काय शिकतं, याच्या शोधामागे जर्मनीचे पक्षीशास्त्रज्ञ गुस्टाव क्रॅमर लागले होते. सूर्य पाहून पक्षी दिशा धरतात हे दाखवणारे ते पहिले. भोवती उंच कुंपण घातलेल्या पिंजऱ्यात वाढलेली पिल्लं लांब नेऊन सोडल्यावर घराची दिशा धरू शकत नाहीत, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. 1959 मध्ये रानटी पारव्यांची पिल्लं मिळवण्यासाठी इटलीच्या दक्षिणेकडे एका कड्यावर चढताना पडून ते गेले. त्यांच्यानंतर त्याच वाटेने गेलेले संशोधक वालराफ यांनी कुंपणाऐवजी काच लावून पाहिली. पिल्लांना दूरवरचं सगळं दिसत होतं, वारा मात्र अडला होता. तरीही ती चुकली. पुढे इटलीतल्या पिसाचे शास्त्रज्ञ पापी यांनी 1970च्या दशकात दाखवलं की वास घेता न येणारं कबुतर अनोळखी जागेवरून घरी येऊ शकत नाही. कुठल्या वाऱ्याबरोबर कुठला वास येतो, याचा नकाशा पिल्लू घरी बसून जमवत असतं. ओळखीच्या मुलुखात आल्यावर मग ते डोळ्यांवर भिस्त ठेवतं. इटलीत पाठीवर जीपीएस बांधलेली कबुतरं महामार्गावरून उडत जाऊन ठराविक फाट्याला वळताना दिसली आहेत.

हे वाचलं तेव्हा मला काकांची जाळी आठवली. ढाबळीच्या मागे, भिंतीच्या आडोशाला, ऊन-वाऱ्यापासून चांगली जागा होती. पण जाळी ते नेहमी पश्चिमेच्या उघड्या कठड्यावर ठेवायचे. दुपारनंतर तिथे असा वारा असायचा की पिल्लं पिसं फुलवून एकमेकांना चिकटून बसायची. ती गारठतील म्हणून मी एकदा जाळीवर गोणपाट टाकलं. काकांनी काही न बोलता ते काढून घडी घातलं आणि डबा आणायला खाली गेले.