जालन्याचा संकर आणि परदेशी जनुक : बीजव्यवसायातील एका भागीदारीचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली हे तालुक्याचे गाव जालन्याहून खामगावकडे जाणाऱ्या मार्गावर वसले आहे. मार्गाच्या एका टोकास बियाण्यांच्या धंद्याने नावारूपास आलेले शहर. दुसऱ्या टोकास कापसाची ती जुनी पेठ, जिच्यासाठी १८७० साली जलंबहून लोहमार्गाची स्वतंत्र शाखा नेण्यात आली. ह्या दोहोंमधील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती जे कापसाचे पाकीट पडले, त्याची किंमत मात्र ह्या दोन्ही गावांबाहेर ठरत गेली. तिचा उगम एका भागीदारीत आहे.

बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४ साली जालन्यास ‘महिको’ ही बीजसंस्था स्थापिली. तिची सहभागी झालेली अमेरिकेतील मोन्सॅन्टो ही केवळ रसायनांची संस्था नव्हती. १९८५ पासून सर्ल ही औषधसंस्थाही तिच्या मालकीची होती. औषध आणि बियाणे ह्यांचे संशोधन एकाच छत्राखाली आणण्याचा तो काळ होता. १९९८ साली मोन्सॅन्टोने महिकोचे २६ टक्के भाग घेतले आणि उभयतांच्या निम्म्या निम्म्या भागीदारीची एक तिसरी संस्था जनुकाचे परवाने देण्यासाठी उभी राहिली.

धाकट्या भागीदाराजवळ असे काय होते, की थोरल्याने त्याच्याकडे यावे? जिवाणूपासून घेतलेला, बोंडअळीस मारक असा जनुक कोकर ३१२ ह्या अमेरिकी वाणाच्या अवघ्या शंभर ग्रॅम बियाण्यातून भारतात आला. तो वाण इकडच्या पावसास परका. तेव्हा त्यातील जनुक देशी हवामानास सरावलेल्या पितृवाणांत पुनःपुन्हा संकर करून उतरवावा लागला. हे वाण, बियाणे पिकविणारे शेतकरी आणि विक्रेत्यांचे जाळे ही जालन्याची खरी पुंजी होय. मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन संकरित वाणांना केंद्राची अनुमती मिळाली.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. ह्या पहिल्या जनुकास भारतात एकस्व नव्हते. तरीही ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सोळाशे रुपयांच्या वर गेली आणि तीत सुमारे साडेबाराशे रुपये जनुकाचे शुल्क होते. कायद्याचे कुलूप नसता हे कसे घडले? संकरित बियाणे दुसऱ्या वर्षी पेरल्यास पीक एकसारखे येत नाही. शेतकऱ्यास दर वर्षी दुकानाची पायरी चढावीच लागते. कुलूप जालन्याच्या संकरातच होते. २००६ साली आंध्र प्रदेश शासनाने मक्तेदारी-आयोगाकडे धाव घेतली, तेव्हा कुठे किंमत साडेसातशेवर उतरली. त्याच वर्षी पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी साहाय्य घोषित केले, त्यांत बुलढाणा होता.

दुसऱ्या पिढीचे, दोन जनुकांचे बियाणेही २००६ मध्येच आले. तथापि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात अळीने त्याही बोंडांचा फडशा पाडला. ह्या अळीस कृषिग्रंथांत ‘शेंदरी’ म्हणत. अलीकडे इंग्रजीच्या छायेत ‘गुलाबी’ रूढ झाले आहे. जुना शब्द अधिक नेमका वाटतो, पण ते असो. नुसते ‘बोंडअळी’ म्हटल्याने मात्र हिरवी आणि शेंदरी ह्यांतील भेद झाकला गेला, हे अधिक घातक.

प्रतिकार उत्पन्न होण्यास कारणे अनेक. पाकिटासोबत दिलेले १२० ग्रॅम साधे बियाणे कडेने पेरावे, म्हणजे विषास न सरावलेल्या अळ्या शिल्लक राहतील, अशी योजना होती. परंतु दोन-चार एकरांच्या धन्याने आपल्याच शेतात अळीसाठी ओळी राखाव्यात, ही अपेक्षा कागदावरच राहिली. दुसरे कारण संकरातच दडलेले आहे. एकेरी जनुकाच्या संकरित झाडावर धरलेल्या बोंडात सुमारे चतुर्थांश सरकी विषरहित निपजते. सरकी खाणाऱ्या शेंदरी अळीस एकाच बोंडात विषारी व निर्विष दाणे मिळतात आणि ती सरावत जाते. ज्या संकराने भागीदारांचे उत्पन्न राखले, त्यानेच जनुकाची धार बोथट होण्यास हातभार लावला. तोट्याचा वाटा मात्र करारात ज्याचे नाव नव्हते त्याच्याकडे गेला.

पुढे केंद्र शासनाने २०१६ साली दुसऱ्या पिढीच्या बियाण्यावरील शुल्क पाकिटामागे ४९ रुपयांवर आणले. २०२० साली ते शून्य झाले. मधल्या काळात, जून २०१८ मध्ये, मोन्सॅन्टो ही बायर ह्या जर्मन औषधसंस्थेच्या पोटात गेली.