विद्वान धड आणि साधे मस्तक

जपानमधील ताकारा या कारखानदारांची रूप पालटणारी खेळणी परवान्याने घेऊन अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९८४ साली ती ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने बाजारात आणली, तेव्हा त्या निर्जीव यंत्रांना नाव, स्वभाव आणि वैर बहाल करण्याचे काम मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेकडे आले. आणि तेथील बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांचे स्वभावलेख लिहून खोक्याच्या पाठीवरील चार ओळींना साहित्याची प्रतिष्ठा मिळवून दिली.

१९८७ च्या ‘हेडमास्टर्स’ मालिकेत चिमुकल्या मानवाकृतीची घडी घातली की यंत्रयोद्ध्याचे मस्तक होई, आणि ते धडावर बसविताच छातीच्या झडपेआड गती, बल व बुद्धी यांचे अंक फिरून समोर येत. याच मालिकेतील हायब्राउ हा विद्येचा अहंकार बाळगणारा आणि युद्धाला हीन लेखणारा योद्धा; त्याच्या धडाशी बांधला गेला तो नेब्युलॉस ग्रहावरील साधासुधा गॉर्ट.

जपानी कथेत मस्तक हेच मूळ पात्र आणि धड केवळ त्याचे साधन. अमेरिकन कथेत मात्र दोन स्वतंत्र जीवांना एकमेकांचे ऐकावेच लागे. ज्याला बुद्धीचा ताठा, त्याचेच मस्तक साध्या गड्याच्या देहातून घडावे, या योजनेने सहजीवनाचा धडा उपदेशाविना मुलांच्या हाती दिला, आणि त्यातच खेळण्यांना स्वभाव व कथा देण्याच्या या व्यवसायाचे खरे श्रेय आहे.