जखमेवरची भुकटी

शेगावहून श्रींची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. तळव्याला फोड आला, तो फुटला, चिघळला, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून आज या गावात आपण जखमेच्या एका जुन्या औषधाबद्दल बोलू. ते म्हणजे अळंबी, पूर्व विदर्भातल्या काही जणांच्या ओळखीच्या सात्यांची भावंडं.

सुश्रुतसंहितेत व्रणाचे 60 उपक्रम आहेत. लेप, धुणं, बांधणं, धुरी, सगळं आलं. त्याच ग्रंथात पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणाऱ्या छत्र्यांचे प्रकारही सांगितलेत, पण कुठे? तर भाज्यांमध्ये! म्हणून जखमेवरच्या अळंबीचा माग आपल्याला पोथीबाहेर काढावा लागतो.

तो आपल्या उत्तरेला, सातपुड्यात सापडतो. मध्य प्रदेशातल्या बैगा आणि भारिया लोकांच्या अळंबी-औषधांची नोंद 1993 साली प्रसिद्ध झाली. त्यात जखमेवर लावायची भुकटी आहे. पावसाळ्यात माळावर पांढरे गोळे येतात, पिकले की बोट लागताच तपकिरी धूळ उडते, तीच ही. युरोपातही रक्त थांबवायला ती वापरत. कोरडी, बारीक धूळ रक्त शोषते आणि गुठळी लवकर धरते, एवढं साधं काम. कोकण-घाटाकडे फणसाच्या खोडावरचा लाकडासारखा कडक फणसोंबा सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावतात. वऱ्हाडात फणसच दुर्मीळ, तेव्हा इथे हे नाव कुणी ऐकलं नसेल तर नवल नाही.

आता आम्ही जरा भांडतो. रक्त थांबणं वेगळं आणि जखम भरणं वेगळं. विळा लागलेल्या बोटाला ही धूळ उपयोगी पडली असेल. पण आजची न भरणारी जखम बहुतेकदा साखरेच्या रुग्णाच्या पायाला असते. पाय बधिर, त्यामुळे दुखणं कळत नाही. त्यावर रानातली न उकळलेली, न गाळलेली भुकटी टाकली की वर खपली धरते आणि खाली पू साठत राहतो. जुनं म्हणून ते निर्धोक, असं समजणाऱ्यांशी आमचं जमत नाही.

आणि जुनं म्हणून टाकाऊ, असंही नाही. 1811 साली फ्रान्समध्ये ब्राकोनो यांनी अळंबीतून एक चिवट पदार्थ वेगळा केला. त्यालाच पुढे कायटिन म्हणू लागले. तो झिंग्याच्या कवचातही असतो. त्यापासून केलेल्या कायटोसानच्या पट्ट्या युद्धात सैनिकांचं रक्त थांबवायला वापरल्या गेल्या.