हत्यारांचा कायदा आणि पेठचा माणूस



शाळा आम्ही लवकर सोडली. कायद्याची पुस्तके वाचावयास शिकलो ती कारखान्यांच्या फाटकांवर, बडतर्फीच्या नोटिशी उलगडता उलगडता. तेव्हापासून आम्हांस एक खोड जडली आहे. कोणताही कायदा हाती आला की तो कोणाला लागू आहे हे वाचण्याआधी कोणाला लागू नाही ते पाहावयाचे. हत्यारांचा कायदा आम्ही असाच उलटा वाचावयास घेतला, आणि वाचता वाचता सावळ घाट चढून तुमच्या पेठेत येऊन पोचलो.

१८५७ च्या डिसेंबरात हरसूलचा बाजार लुटला गेला, ह्या डोंगरांतले कोळी-भिल्ल उठले, आणि पेठच्या राजघराण्यातील भगवंतरावांना त्याच महिन्यात फाशी झाली. ही हकीगत तुम्हांस सांगणे म्हणजे आजोळी जाऊन आजोळच्याच गोष्टी सांगण्यासारखे आहे. आम्हांस पाहावयाचे आहे ते त्याच्या पुढचे. त्याच साली कलकत्त्यास सरकारने २८ वा कायदा करून हत्यारे बाळगण्यावर बंधने घातली. १८६० साली ३१ वा कायदा केला. देश निःशस्त्र करण्याची ही सुरुवात. पण त्याच सरकारने त्याच सुमारास काय केले? कॅप्टन नटॉलच्या हाताखाली सुमारे सहाशे महादेव कोळ्यांची पलटण उभी केली आणि त्यांच्या हाती बंदुका दिल्या. एका डोंगरातल्या माणसाची तलवार काढून घ्यावयाची आणि शेजारच्या डोंगरातल्या माणसाला काडतुसे पुरवावयाची! ह्या कोळ्यांनी ऊनपाऊस न पाहता भिल्लांचा पाठलाग केला. १८५९ साली सिन्नरकडे भागोजी नाईक पडले, बंड मावळले, आणि १८६१ साली पलटण मोडली. काही थोडे पोलिसांत गेले, बाकीचे घरी. आमच्या भाषेत ह्याला कामगारकपात म्हणतात.

१८७८ साल पेठच्या इतिहासात दोनदा लिहावे लागेल. त्या साली पेठच्या बेगम वारल्या, संस्थान खालसा झाले. आणि त्याच साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत ११ वा कायदा, म्हणजे पुढे ऐंशी वर्षे टिकलेला हत्यारांचा कायदा झाला. शस्त्रे कशाला म्हणावे ह्याची त्यात व्याख्या आहे. बंदूक आहे, संगीन आहे, तलवार, भाला आहे, तोफ आहे; आणि त्याच रांगेत धनुष्यबाणही आहे. तोफ आणि तिरकमठा ह्यांना एका ओळीत बसवणारा माणूस डोंगरात कधी राहिला नसावा. आता आमची खोड. हा कायदा कोणाला लागू नव्हता? त्याखालच्या नियमांनी गोऱ्या माणसाला परवान्यातून सूट दिली होती. हत्यार तेच, पण धरणाऱ्या हाताचा रंग पाहून ते गुन्हा ठरावयाचे अथवा न ठरावयाचे. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला तो ह्याच अपमानापोटी. रंगाचा हा भेद पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून निघाला. कुर्गच्या लोकांना मात्र इंग्रजांनी दिलेली वेगळी सूट आजही चालू आहे. २०१९ साली सरकारने ती आणखी दहा वर्षांनी वाढवली.

मग ह्या कायद्याने हत्यारे थांबली काय? २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ती ब्राउनिंग पिस्तुले विलायतेहून आली होती. ज्याने जिवावर उदार व्हावयाचे ठरवले त्याला कायद्याने अडवले नाही. अडला तो नागलीच्या शेतात रात्री डुकरे हाकणारा.

ह्यावरून आम्ही घरोघर बंदुका वाटावयास निघालो आहोत असे कोणी समजू नये. १९०८ साली टिळकांच्या शिक्षेनंतर मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर होते, तेव्हा त्यांच्या हाती दगड होते आणि समोर लष्कराच्या बंदुका. कामगारांच्याही हाती बंदुका असत्या तर प्रेते वाढली असती, मजुरी नव्हे. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत ह्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क दिला तर चोरदरोडेखोरही त्याच्या आड उभे राहतील, असा त्यांच्या उत्तराचा एक रोख होता. तो आम्हांस आजही पटतो.

स्वराज्यात १९५९ चा कायदा आला; तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. शेतीच्या किंवा घरकामाच्याच वस्तू, लाठी, हातातली काठी ही शस्त्रे नव्हेत असे त्याने स्पष्ट म्हटले. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल आणि गरज खरी असेल, तर परवाना द्यावा, असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे नागलीवाल्याची आठवण दिल्लीला एकदा तरी झाली. आणि २०१९ साली दुरुस्ती आली तेव्हा काय झाले? एका माणसाला तीन बंदुका बाळगता येत होत्या. विधेयक आले ते एकीवर आणणारे. ज्यांच्या दिवाणखान्यांत आजोबांच्या रायफली टांगलेल्या, त्यांच्या वतीने मोठी ओरड झाली, आणि कायदा झाला तो दोनांचा. जास्तीची बंदूक वर्षाच्या आत जमा करावयाची. ज्याच्याजवळ मुळात एकच, त्याच्या वतीने बोलावयास कोणाला सवड नव्हती. परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षांवर गेली, एवढे मात्र त्याच्या पदरात पडले. पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचा एक हेलपाटा म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर एस. टी. चे भाडे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ह्या दोन वर्षांची किंमत कळेल.

आता आमच्या धंद्यातले एक. काही रखवालदारांना नोकरी मिळते ती स्वतःच्या नावावर परवाना आणि बंदूक असते म्हणूनच. सुताराला रंधा, तशी ह्यांना बंदूक. आमच्या ओळखीचा असा एक रखवालदार होता. निवडणूक लागली, बंदुका ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघाला, आणि मालकाने सांगितले, “बंदूक नाही तर पगार नाही.” आम्ही ठाण्यात गेलो. तिथले हवालदार म्हणाले, “साहेब, आम्ही काय करणार? हुकूम सगळ्यांना आहे.” २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे की अशी सरसकट जमाबंदी नको; छाननी करून, ज्याच्याबाबत खरोखर कारण दिसेल त्याचीच बंदूक जमा करावी. त्या निकालाची प्रत आमच्या पिशवीत होती. ती वाचावयास साहेबांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बंदूक मिळाली. मधल्या दोन दिवसांच्या पगारासाठी आम्ही मालकाशी चार महिने भांडलो. त्यातला एका दिवसाचा वसूल झाला.